मधल्या पाच मिनिटांसाठी अँकी: दिसायला रुक्ष, कामाला पक्कं

सलग दोन तास मोकळे मिळाले तर त्यांचं काय करायचं हे सांगायला कुणी लागत नाही. प्रश्न असतो तो सुट्या मिनिटांचा. रांग, लिफ्ट, उतरत असलेली मोठी फाइल, तपासणीसाठी आपला नंबर यायची वाट, समोरच्याचा न संपणारा फोन. हा वेळ किती आहे हेच आधी कळत नाही. चाळीस सेकंदांत नाव पुकारलं जाईल, नाहीतर वीस मिनिटं कुणी विचारणारही नाही. त्यामुळे या वेळात बसणाऱ्या कामाला तीन अटी पाळाव्या लागतात. ते पाच सेकंदांत सुरू झालं पाहिजे, कुठल्याही क्षणी सोडलं तरी काही वाया जाता कामा नये, आणि उभ्याउभ्या एका हाताने करता आलं पाहिजे.

या अटी लावल्या की बरेच उमेदवार गळतात. पुस्तक दुसऱ्या अटीला अडखळतं: अर्ध्या परिच्छेदात सोडलं की पुढच्या वेळी तोच परिच्छेद पहिल्यापासून. पॉडकास्ट तिन्ही अटी पाळतो, पण तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं संध्याकाळपर्यंत किती उरतं हा वेगळा विषय. भाषा शिकवणारी बरीच ॲप धड्यांत बांधलेली असतात आणि धडा मधेच सोडला की तो पुन्हा करावा लागतो. अँकी या उजळणीच्या ॲपचं एकक मात्र प्रश्नोत्तराचं एक कार्ड आहे, म्हणजे पाच ते दहा सेकंद. उत्तर आठवलं, बटण दाबलं, नोंद झाली. त्यानंतर फोन खिशात गेला तरी एका सेकंदाचंही काम वाया जात नाही. सुट्या वेळासाठी पाचपैकी साडेचार गुण द्यावेत असं हे साधन आहे. उरलेला अर्धा गुण कुठे जातो ते पुढे येईलच.

ओळख थोडक्यात. अँकी हा प्रश्नोत्तरांची कार्डं दाखवणारा मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे. डेमियन एल्म्स यांनी तो २००६ साली सुरू केला. संगणकावर (विंडोज, मॅक, लिनक्स) तो मोफत आहे. अँड्रॉइडवर ‘अँकीड्रॉइड’ हे स्वयंसेवकांनी बांधलेलं ॲप, तेही मोफत आणि मुक्तस्रोत. आयफोनवरच्या ‘अँकीमोबाइल’ला एकदाच पैसे मोजावे लागतात, मूळ प्रकल्पाच्या कामाला हातभार लागतो तो त्यातूनच. ‘अँकीवेब’चं मोफत खातं काढलं की सगळ्या उपकरणांवरची कार्डं जुळलेली राहतात. ॲप-दुकानांत मिळत्याजुळत्या नावांची, या प्रकल्पाशी संबंध नसलेली ॲपही आहेत. म्हणून उतरवताना नाव अक्षरशः हेच आहे ना, हे तपासा.

यामागचं तत्त्व जुनं आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला: सुरुवातीला झपाट्याने विसरतं, मग वेग मंदावतो. प्रत्येक यशस्वी आठवणीनंतर पुढची उजळणी आणखी लांब ढकलता येते, या कल्पनेवर अँकी उभं आहे. आणि ‘आठवणं’ इथे शब्दशः घ्यायचं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवत होतं, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत न वाचता आठवण्याचा सराव केलेले पुढे गेले. टिपणांवरून नुसती नजर फिरवली की अभ्यास झाल्यासारखा वाटतो, तो का फसवा असतो ते यातून कळतं. कार्डाचं उत्तर झाकलेलं असतं, त्यामुळे तशी फसवणूक करून घ्यायची सोयच उरत नाही. अर्थात उत्तर उघडण्याआधी ते मनात पूर्ण म्हणायचं. ‘येतंय, येतंय’ म्हणत उघडलेलं कार्ड मोजू नये.

आता मुद्द्याचं. अँकीच्या मूळ सेटिंग्ज टेबलाशी बसून रोज अर्धा तास अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहेत. सुट्या वेळात वापरणाऱ्याने त्या तशाच ठेवल्या, तर महिन्याभरात ॲप उघडायचीच भीती वाटू लागते. मेनूतली नावं इथे इंग्रजीतच दिली आहेत, शोधायला सोपं जावं म्हणून.

सगळ्यात आधी ‘न्यू कार्ड्स/डे’. मूळ आकडा २०. हा आकडा निरुपद्रवी दिसतो, कारण पहिल्या दिवशी खरोखरच वीस कार्डं येतात. पण प्रत्येक नवं कार्ड पुढे पुन्हापुन्हा परत येणार असतं. रोजच्या उजळण्यांची मर्यादा नव्या कार्डांच्या निदान दहापट ठेवा, असं अँकी स्वतःच सुचवतं. म्हणजे रोज वीस नवी कार्डं घेतली तर काही आठवड्यांनी रोज दोनशेच्या आसपास उजळण्या. कार्डाला आठ सेकंद धरले तरी सत्तावीस मिनिटं झाली, आणि ती सुट्या वेळात जमत नाहीत. रोज पाच नवी घेतली तर पन्नास उजळण्या, साधारण सात मिनिटं, म्हणजे दोन-तीन फटींत संपणारं काम. पाच हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण वर्षाला तो १,८२५ कार्डं होतो. पाचाने सुरुवात करा, महिनाभर रोजचा ढीग शून्यावर येतोय असं दिसलं तर सात करा. दहाच्या वर नेऊ नका.

दुसरी सेटिंग कुणी फारसं सांगत नाही, आणि सुट्या वेळासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची: ‘लर्न अहेड लिमिट’. नवीन कार्ड पहिल्यांदा पाहिल्यावर ते एका मिनिटाने आणि मग दहा मिनिटांनी पुन्हा दाखवायचं, अशी मूळ रचना असते. पण दाखवायला दुसरं कार्ड उरलं नसेल, तर अँकी वीस मिनिटांपर्यंतची कार्डं आधीच पुढे ओढतं. चार मिनिटांच्या फटीत होतं ते असं: उजळण्या संपतात, आणि दहा मिनिटांनी यायचं कार्ड चाळीस सेकंदांत समोर येतं. ते अर्थातच आठवतं, कारण आत्ताच पाहिलेलं असतं. ‘गुड’ दाबलं जातं, कार्ड उद्यावर जातं आणि उद्या कोरं वाटतं. चांगली लिहिलेली कार्डंही दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा कारण हेच. ही मर्यादा शून्यावर आणा. मग उरलेली कार्डं पुढच्या फटीची वाट पाहतात, आणि दोन फटींमधलं अंतर आपोआप उपयोगी पडतं. सोबत ‘लर्निंग स्टेप्स’मध्ये एक मिनिट आणि दहा मिनिटं काढून एकच टप्पा ठेवा, पंधरा किंवा तीस मिनिटांचा.

तिसरी, ‘टाइमबॉक्स’. प्रेफरन्सेसमध्ये ही मर्यादा पाच मिनिटं ठेवली की तितका वेळ झाल्यावर अँकी थांबून किती कार्डं झाली ते सांगतं आणि पुढे जायचं का विचारतं. मान वर करून नंबर आपला तर नाही ना हे पाहायची आठवण, एवढंच तिचं काम. ते ती चोख करते.

उजळणीचं अंतर ठरवण्याची नवी पद्धत, एफएसआरएस, २३.१० या आवृत्तीपासून अँकीतच अंगभूत आहे. डेक ऑप्शन्समध्ये (डेक म्हणजे कार्डांचा गठ्ठा) ती चालू आहे का ते पाहा आणि नसेल तर करा. जुनी पद्धत १९८०च्या दशकातल्या सूत्रावर चालायची आणि विसरलेल्या कार्डांना जरा जास्तच शिक्षा करायची. नवी पद्धत तुमच्याच उत्तरांच्या नोंदींवरून विसरण्याचा वेग काढते. तिच्यात ‘डिझायर्ड रिटेन्शन’ नावाचा एकच महत्त्वाचा आकडा आहे: कार्ड समोर येईल तेव्हा ते आठवत असण्याची शक्यता किती हवी. मूळ ९० टक्के. तो वाढवावासा वाटतो, पण त्याची किंमत पाहा. ९० टक्क्यांवर दहा दिवसांनी येणारं कार्ड ९५ टक्क्यांवर साधारण साडेचार-पाच दिवसांनीच येतं, म्हणजे काम दुपटीच्या घरात जातं. उलट ८० टक्क्यांवर तेच कार्ड वीसहून अधिक दिवसांनी येतं. परीक्षा तोंडावर नसेल तर ८५ पुरतात. ‘ऑप्टिमाइझ’चं बटण महिन्यातून एकदा दाबावं, रोज दाबून काही मिळत नाही.

उत्तरानंतर चार बटणं येतात: ‘अगेन’, ‘हार्ड’, ‘गुड’, ‘इझी’. विसरलं तर ‘अगेन’च. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं. विसरूनही लाजेखातर ‘हार्ड’ दाबत राहिलं तर पद्धत ते यश मानते, अंतरं लांबवते आणि मग सगळंच विस्कटतं. उभ्याउभ्या वापरताना चार बटणांत निवड करणंही जास्तच होतं. ‘अगेन’ आणि ‘गुड’ या दोनच बटणांवर वर्षानुवर्षं चालतं. अँकीड्रॉइडमध्ये ‘कंट्रोल्स’खाली हावभाव नेमून देता येतात: पडद्यावर टिचकी म्हणजे उत्तर दाखव, उजवीकडे सरकवलं तर ‘गुड’, डावीकडे ‘अगेन’. हवं तर आवाज कमी-जास्त करायची बटणंही या कामाला लावता येतात. गर्दीत दांडा धरून उभं असताना अंगठ्याला वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचावं लागत नाही. एक हावभाव ‘अनडू’साठी राखून ठेवा, धक्का लागून चुकीचं बटण दाबलं जातंच. आणि एक लाल झेंड्यासाठी. तो का, ते पुढे.

कार्डं बनवणं हे सुट्या वेळाचं काम नाही. ते टेबलाशी, कीबोर्डवर, आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास बसून करायचं. रांगेत उभं राहून फोनवर कार्ड टाइप करणारा घाईत अर्धवट प्रश्न लिहितो आणि दोन महिन्यांनी स्वतःचाच प्रश्न त्याला कळत नाही. फटीत फक्त आठवायचं. उजळणी करताना एखादं कार्ड चुकीचं, लांबलचक किंवा संदिग्ध वाटलं, तर तिथे दुरुस्त करत बसू नका. लाल झेंडा लावा आणि पुढे चला. टेबलाशी बसल्यावर ब्राउझरमध्ये (अँकीतलीच, कार्डांच्या यादीची खिडकी) लाल झेंड्याची सगळी कार्डं एकत्र निघतात, दहा मिनिटांत नीट होतात. ही एक सवय लागली की संग्रह आपोआप निवडत-पाखडत जातो.

सुट्या वेळात चालणारं कार्ड आठ सेकंदांत, कागद-पेन न घेता, मोठ्याने न बोलता सुटलं पाहिजे. उदाहरण प्रथमोपचारातलं घेऊ. ‘सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून, श्वास देऊन केलेला उपचार) कसा द्यावा?’ हे कार्ड निकामी आहे. उत्तर सहा मुद्द्यांचं, त्यातले चार आठवले तर कोणतं बटण दाबायचं? त्याचे तुकडे करा. प्रौढ व्यक्तीला छातीवरचे दाब मिनिटाला किती? १०० ते १२०. किती खोल? निदान ५ सेंटिमीटर, ६ च्या वर नाही. किती दाबांनंतर किती श्वास? ३० नंतर २. प्रत्येक उत्तर एक आकडा किंवा एक जोडी, विसरलं की नेमकं काय विसरलं ते कळतं. आता यातच अर्भकाचं कार्ड आलं: दाब साधारण ४ सेंटिमीटर. प्रश्नात ‘प्रौढ’ आणि ‘अर्भक’ हे शब्द सुरुवातीलाच आणि ठळक नसतील, तर दोन्ही कार्डं एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही चुकत राहतात. सारख्या दिसणाऱ्या प्रश्नांत फरकाचा शब्द आधी आणायचा, हा नियम औषधांच्या मात्रांपासून व्याकरणाच्या प्रत्ययांपर्यंत सगळीकडे लागू पडतो.

ठरावीक जोड्यांचे विषय तर या साधनासाठीच जन्मलेले आहेत. विद्युत रोधकांवरचे रंगपट्टे घ्या: काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. दहा जोड्या, पण कार्डं वीस करायची, रंगावरून अंक आणि अंकावरून रंग. ‘बेसिक अँड रिव्हर्स्ड कार्ड’ हा प्रकार निवडला की उलटं कार्ड आपोआप तयार होतं. दोन्ही दिशा लागतात, कारण ‘नारिंगी म्हणजे तीन’ येणाऱ्याला ‘चार म्हणजे कोणता?’ विचारलं की तो बोटं मोजायला लागतो. मात्र डेक ऑप्शन्समधलं ‘बरी सिब्लिंग्ज’ (जोडीचं दुसरं कार्ड त्या दिवसापुरतं लपवणं) चालू ठेवा, नाहीतर सुलटं आणि उलटं एकाच फटीत येतं आणि दुसरं फुकटात सुटतं. मोर्सची लिपी, कीबोर्डचे शॉर्टकट, राजधान्या, मूलद्रव्यांची चिन्हं, परक्या भाषेतले शब्द, पक्ष्यांची नावं, सगळं याच वर्गातलं.

वाक्यातली जागा रिकामी ठेवणारा ‘क्लोझ’ हा प्रकार सगळ्यात पटकन तयार होतो: वाक्य चिकटवा, शब्द निवडा, कंट्रोल-शिफ्ट-सी दाबा. पण वाक्य चौदा शब्दांच्या आत ठेवा. लांब वाक्यात डोळा रिकाम्या जागेभोवतीचा आकार ओळखतो आणि वाक्य न वाचताच उत्तर देतो. अर्थ कधीच डोक्यात शिरत नाही. आकृत्यांसाठी ‘इमेज ऑक्लूजन’ आहे: चित्रावरची नावं झाकायची, एकेक ओळखायची. शरीररचना, नकाशे, यंत्राचे भाग यांना उत्तम, फक्त फोनच्या पडद्यावर वाचता येईल इतपत चित्र आधी कापून घ्या.

उच्चाराची, आवाजाची कार्डं वेगळ्या डेकमध्ये टाका. इअरफोन नसताना मधेच आवाजाचं कार्ड आलं की फटीचा ओघ तिथेच तुटतो. तसंच ज्याला कागदावर आकडेमोड लागते ते सगळं वेगळं. बाकी विषय मात्र एकाच मोठ्या डेकखाली उपडेक करून एकत्रच फिरवा. विषय मिसळले की मागच्या कार्डावरून पुढच्याचा अंदाज बांधता येत नाही, आणि ‘आत्ता कोणता डेक उघडू’ हा प्रश्नच उरत नाही. अशा निवडींमध्येच फट संपते.

तयार डेक अँकीवेबवर हजारोंनी मिळतात. ठरलेल्या याद्यांसाठी (झेंडे, राजधान्या, मोर्स) ते खुशाल घ्या. बाकी विषयांत दुसऱ्याने केलेलं कार्ड बहुधा दुसऱ्याच्या डोक्यात बसतं. संदर्भ आपल्याला माहीत नसतो, मग उत्तर समजण्याऐवजी कार्डाचं रूप पाठ होतं. एआयकडून तीनशे कार्डं एका बैठकीत काढून घेणाऱ्यांचंही हेच होतं, वर चुका तपासायचं काम गळ्यात पडतं ते वेगळं. तयार डेक घेतलाच तर ब्राउझरमध्ये सगळी कार्डं निवडून ‘सस्पेंड’ करा, म्हणजे थांबवून ठेवा, आणि पुस्तकात तो भाग वाचून झाला की तेवढीच मोकळी करा.

आता बिघाडांकडे. पहिला, साचलेला ढीग. आठवडाभर ॲप उघडलं नाही की साडेतीनशे-चारशे कार्डं वाट पाहत असतात आणि तिथेच बहुतेक लोक अँकी सोडतात. उपाय असा: नवी कार्डं शून्यावर आणा. उजळण्यांची रोजची मर्यादा ऐंशी-शंभर करा. उजळणीच्या क्रमात ‘डिसेंडिंग रिट्रीव्हेबिलिटी’ निवडा, म्हणजे अजून आठवत असण्याची शक्यता जास्त असलेली कार्डं आधी येतात आणि ती हातची जायच्या आत वाचतात. जी विसरून गेलीच आहेत त्यांना आणखी चार दिवस उशीर झाल्याने फारसं बिघडत नाही. रोजचा आकडा मर्यादेखाली आला की नवी कार्डं पुन्हा पाचावर. डेक पुसून नव्याने सुरुवात करायचा मोह टाळा, कारण त्यात उत्तरांचा इतिहासही पुसला जातो आणि एफएसआरएस त्यावरच चालतं.

दुसरा, हट्टी कार्ड. शिकून झालेलं कार्ड आठ वेळा विसरलं की अँकी त्याला ‘लीच’चा टॅग लावतं आणि सेटिंग तशी असेल तर बाजूला ठेवतं. सुट्या वेळात वापरणाऱ्यासाठी आठ हा आकडा फार मोठा आहे, पाच करा. अशा एका कार्डावर जाणाऱ्या मिनिटांत दहा चांगली कार्डं होतात. बाजूला पडलेलं कार्ड टेबलाशी बसून फोडा, चित्र जोडा किंवा सरळ काढून टाका. न आठवणाऱ्या गोष्टींपैकी बऱ्याचशा लक्षात ठेवायची मुळात गरजच नसते.

तिसरा बिघाड सिंकचा, म्हणजे उपकरणांमधल्या जुळणीचा. दोन उपकरणांवर वेगवेगळ्या वेळी उजळणी केली तर अँकी ती व्यवस्थित जुळवतं. पण नोटचा (ज्या नोंदीवरून कार्ड बनतं तिचा) ढाचा बदलला, म्हणजे नवा रकाना घातला किंवा काढला, की एकतर्फी सिंक लागतं: अँकीवेबवर चढवायचं की तिथून उतरवायचं, असा प्रश्न येतो आणि चुकीचं उत्तर दिलं तर एका बाजूचं काम जातं. ढाच्याला हात लावण्याआधी सगळी उपकरणं सिंक करून घ्या, मग बदल केलेल्या उपकरणावरून चढवा आणि बाकीच्यांवर उतरवा. एरवी उजळणीला नेटवर्क लागतच नाही. तळघर, बोगदा, विमान, कुठेही चालतं. चित्रं आणि आवाज फक्त वायफायवरच उतरवायचे अशी सोय अँकीड्रॉइडमध्ये आहे, ती लावून ठेवावी.

आकडेवारीच्या पानावर तासावार आलेख असतो, दिवसाच्या कोणत्या तासाला किती उत्तरं बरोबर आली त्याचा. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी जमल्या की तो पाहण्यासारखा असतो. रात्री उशिराचे तास बहुधा खाली गेलेले दिसतात. तसं असेल तर ती फट अँकीला देऊ नका, आणि नवी कार्डं तर तेव्हा मुळीच नकोत.

प्रत्येक फट भरायचीही नसते. म्युलर आणि पिल्झेकर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९०० सालीच दाखवलं होतं की काही शिकल्यावर लगेच दुसरं शिकायला घेतलं तर पहिलं कच्चं राहतं. पुढच्या प्रयोगांतही शिकल्यानंतर काही मिनिटं स्वस्थ बसणाऱ्यांना जास्त आठवलेलं आहे. वर्गातून किंवा अवघड बैठकीतून बाहेर पडल्याबरोबर कार्डं उघडणं म्हणूनच तोट्याचं. तिथे खिडकीबाहेर पाहावं. रस्ता ओलांडताना, जिना उतरताना, गाडी चालवताना सिग्नलला थांबल्यावरही, फोन खिशातच. आणि जिथे नाव पुकारलं जाणार आहे तिथे इअरफोन एकाच कानात.

राहिला तो अर्धा गुण. अँकीचं रूप रुक्ष आहे, सेटिंग्जची पानं पाहून नवखा माणूस दचकतो, आणि ‘इंटरव्हल’, ‘लॅप्स’, ‘इझ’ असल्या शब्दांचा अर्थ ॲप नीट समजावून सांगत नाही. पहिला तास जुळवाजुळवीत जातो. बक्षिसं, टाळ्या, रंगीत पिल्लं यांतलं काही नाही. रोजची कार्डं संपली की अभिनंदनाची एक ओळ येते आणि विषय संपतो. सुट्या वेळासाठी हा गुणच म्हणायचा, कारण ॲप तुम्हाला धरून ठेवायचा प्रयत्न करत नाही. पण ज्यांना ढकलल्याशिवाय चालता येत नाही त्यांचं इथे जमत नाही. समजून घ्यायचा विषय असेल, सिद्धता असेल, वादन किंवा चित्रकला असेल, तर अँकी फक्त त्यातली नावं आणि आकडे सांभाळेल, बाकीचं त्याच्या आवाक्यात नाही. हातातली फट वीस मिनिटांहून मोठी आहे हे नक्की ठाऊक असेल तर पुस्तक बरं. सहा महिन्यांनी कोणती गोष्ट आठवायला हवी याचं एकही उदाहरण सुचत नसेल, तर ॲप उतरवूच नका.

फोन बदलताना एक काळजी घ्या. अँकीड्रॉइड काढून टाकलं की फोनवरचा संग्रहही त्याच्यासोबत जाऊ शकतो. आधी सिंक करा, मग ‘एक्स्पोर्ट’मधून संपूर्ण संग्रहाची एक फाइल काढून दुसरीकडे ठेवा. त्यात उजळण्यांचा इतिहास येतो ना आणि चित्रं-आवाज धरणारा पर्याय टिकला आहे ना, हे पाहून घ्या. नव्या फोनवर आधी ‘डाउनलोड’ निवडा, कार्डांची संख्या जुन्या फोनशी ताडून पाहा, आणि मगच जुन्या फोनवरचं ॲप काढा.